पाहुणे कुणाच्या घरी उतरवायचे? अंबाजोगाईतल्या पोरांच्या वाद्यवृंदाचं एक प्रकरण

आधी प्रकरण काय ते सांगतो. अंबाजोगाईत आमचा पोरांचा एक वाद्यवृंद आहे, तीसेक लेकरं, बारा ते एकवीस वयाची. जर्मनीतल्या एका छोट्या शहरातल्या युवा वाद्यवृंदातले आठ जण आणि त्यांचे दोन शिक्षक ईस्टरच्या सुट्टीत, म्हणजे एप्रिलमध्ये, आमच्याकडं दोन आठवडे राहायला आले. करार असा की आधी त्यांनी यायचं आणि पुढच्या वर्षी आपल्यातल्या आठ जणांनी तिकडं जायचं. माझ्याकडं मुक्कामाची जबाबदारी होती, म्हणजे कोण कुणाच्या घरी उतरणार, काय खाणार, आजारी पडलं तर कुणी धावायचं. म्हणून हे सगळं मी त्याच बाजूनं लिहितोय, आणि मला वाटतं अशा कार्यक्रमात खरा पेच तिथंच असतो, संगीतात नंतर.

आमच्या वाद्यवृंदात तीन तऱ्हेची पोरं आहेत हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. एक क्लासची पोरं, म्हणजे हार्मोनियम, तबला, बासरी, दोन-तीन व्हायोलिन, गाणाऱ्या मुली, ही सगळी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षा देणारी, भातखंड्यांच्या स्वरलिपीत लिहिलेलं वाचणारी. दुसरी बँडची पोरं, लग्नात ट्रम्पेट, क्लॅरोनेट, युफोनियम वाजवणारी, यांना कागद लागतच नाही, एकदा ऐकलं की वाजलं. तिसरी हलगी-संबळवाली, यांच्या घरात हे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. या तिघांना एकत्र बसवायला आम्हाला दोन-तीन वर्षं लागली, कारण क्लासच्या पोरांच्या आई-बापांना बँडवाला शेजारी बसलेला सुरुवातीला चालत नव्हता, हे सरळ सांगितलेलं बरं.

समितीच्या पहिल्या बैठकीत यादी तयारच होती. डॉक्टरांचा बंगला, दोन प्राध्यापकांची घरं, एका कापड दुकानदाराचं घर. कमोड आहे, एसी आहे, इंग्रजी बोलता येतं. वरवर बघितलं तर सोयीचंच होतं की. पण त्या यादीत बँडच्या एकाही पोराचं घर नव्हतं, हलगीवाल्याचं तर नावच नाही. आमच्यातला हलगी वाजवणारा सोळा वर्षांचा पोरगा मागं उभा होता, त्यानं विचारलं, "सर, माझ्याकडं कोण यायलंय?" कुणी उत्तर दिलं नाही, चहा आला आणि विषय बदलला.

नंतर एकेक जण खासगीत बोलायला लागला. तिथं पत्र्याचं घर आहे, त्यांना काय वाटेल, गावाची इज्जत जाईल. पाणी आठ-आठ दिवसांनी येतं तिकडं. एकानं तर शेवटी पोटातलं बोलून टाकलं, की पाहुणे तिथं राहिले तर मग सगळ्यांना तिथं जेवायला जावं लागंल, आपली लेकरं जेवतील का. म्हणजे अडचण कमोडची नव्हतीच. जातीची होती. एवढा चांगला कार्यक्रम करायचा आणि त्यात हे असं, मला त्या रात्री झोप आली नाही.

आमच्यातल्या एक ताई आहेत, निवृत्त शिक्षिका, त्यांनी पुढच्या बैठकीत एकच प्रश्न टाकला. "पाहुण्यांना बंगले दाखवायला आणायलेत का लेकरांना लेकरं भेटवायला?" मग त्यांनी आणि मी मिळून नियमच बदलायला लावला: पाहुणा जे वाजवतो त्याच्या जोडीचं जो आपल्याकडं वाजवतो त्याच्या घरी तो उतरणार. ट्रम्पेटवाला ट्रम्पेटवाल्याकडं, व्हायोलिनवाली व्हायोलिनवालीकडं, तालवाद्यवाला हलगीवाल्याकडं. घरासाठी अटी मोजक्या ठेवल्या पण त्या सगळ्या घरांना सारख्या. संडासाला दार आणि आतून कडी पाहिजे, कमोड नसला तरी चालेल. प्यायला जारचं पाणी. घरात एक मोठी बाई माणूस रात्री असलीच पाहिजे. एका घरात दोघं पाहुणे, एकटं कुणाला ठेवायचं नाही, मुली मुलींच्याच घरी. आणि हे सगळं तिकडच्या पालकांना फोटोसकट आधी कळवायचं. ताई आणि मी प्रत्येक घर बघून आलो, बंगल्यातही गेलो आणि वस्तीतही, आणि गंमत नाही, खरं सांगतो, एका बंगल्यातल्या पाहुण्यांच्या संडासाला आतून कडी नव्हती, ती बसवून घ्यावी लागली.

कागदपत्रांचं एक सांगून ठेवतो कारण नवख्या लोकांना हे माहीत नसतं. परदेशी माणूस तुमच्या घरी मुक्कामाला आला की चोवीस तासांच्या आत ऑनलाइन कळवावं लागतं, सगळे त्याला फॉर्म सी म्हणतात, आणि ते हॉटेललाच नाही, घरालाही लागू आहे. वस्तीतल्या घराचा उतारा नावावर नव्हता, त्यावरून परत समितीत कुजबुज सुरू झाली, म्हणून आम्ही लाइट बिल आणि आधार घेऊन बीडला पोलीस अधीक्षक कार्यालयात आधीच विचारून आलो. काम झालं. व्हिसा कोणत्या प्रकारचा लागतो हे जर्मन मंडळींनी त्यांच्या बाजूनं वकिलातीत लेखी विचारून घेतलं होतं, तसंच करा, अंदाजावर राहू नका.

आता शेंगदाण्याचं. महिनाभर आधी तिकडून फॉर्म भरून आले तर तालवाद्यवाल्या पोराच्या फॉर्ममध्ये लाल अक्षरात लिहिलेलं, शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी. आपल्याकडं लोकांना हे पटतच नाही, शेंगदाण्यानं काय होतंय म्हणतात. पण अशा माणसाला जरासा कूट पोटात गेला तरी घसा सुजून श्वास बंद पडू शकतो, मिनिटांचा खेळ असतो. आणि मराठवाड्याच्या स्वयंपाकघरात शेंगदाणा कुठं नाही ते सांगा! भाजीत कूट, सुशील्यात, पोह्यांत शेंगदाणे, उपवासाला खिचडी, धपाट्याबरोबर शेंगाची चटणी, मिक्सरच्या भांड्यात कालचा कूट चिकटलेला. बंगलेवाल्या घरांना विचारलं तर सगळे म्हणाले त्याला वेगळं वाढू. वेगळं वाढून भागत नाही, भांडं, मिक्सर, पोळपाट, हात, सगळ्यातून ते जातं.

हलगीवाल्या पोराची आई शाळेत पोषण आहार शिजवते. त्यांना मी फॉर्म वाचून दाखवला, त्या जराशा थांबल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, शाळेत मी रोज दीडशे लेकरांचं करते. दोन आठवडे घरात शेंगच येणार नाही, काय अवघड आहे त्यात? तेल करडईचं घेऊ." आणि त्यांनी केलं तसंच. मिक्सरचं भांडं नवीन आणलं, चटण्या सगळ्या पाट्यावर, तोही आधी घासून उन्हात वाळवून, मुक्कामभर कारळाची आणि जवसाची चटणी. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून ठेवलं की पाहुण्याला प्रेमानं काही चारायचं असेल तर आधी मला विचारा. मुलाच्या आईबरोबर व्हिडिओ कॉल झाला, मध्ये ताई दुभाष्या, त्या बाईंनी विचारलं स्वयंपाकघर बघता येईल का, तर या मावशींनी फोन घेऊन डबे उघडून उघडून दाखवले. त्यानंतर तिकडून निरोप आला की आमचा मुलगा याच घरी राहील. समितीतले जे लोक नको म्हणत होते त्यांना मग बोलायला जागा राहिली नाही. पण एक गोष्ट मला इथं ठामपणे म्हणायचीय, ॲलर्जी नसती तरी तो पोरगा तिथंच राहायला पाहिजे होता, नियम जोडीचा होता म्हणून. त्या माऊलीनं सगळ्यांपेक्षा जास्त करून दाखवलं तेव्हा कुठं त्यांचं घर चाललं, हे काही बरोबर नाही.

त्या जर्मन पोराकडं ॲलर्जीचा झटका आला तर मांडीत टोचायचे इंजेक्शनचे दोन पेन होते. एप्रिलमध्ये आमच्याकडं पारा चाळिशीच्या आसपास असतो, ते पेन गाडीत ठेवायचे नाहीत आणि फ्रिजमध्येही नाहीत, म्हणून एक कायम त्याच्या कमरेच्या पिशवीत आणि एक घरात माठाच्या शेजारच्या कोनाड्यात, आणि पेन कसं टोचायचं हे घरातल्या सगळ्यांना आणि वाद्यवृंदातल्या सगळ्या मोठ्या पोरांना शिकवलं. पेन टोचलं तरी दवाखान्यात न्यावंच लागतं. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं रुग्णालय गावातच आहे, तिथल्या डॉक्टरांना आधी जाऊन सांगून आलो होतो. गरज पडली नाही. एकत्र जेवणाच्या सगळ्या पंगती आम्ही बिनशेंगदाण्याच्याच केल्या, सगळ्यांसाठी एकच स्वयंपाक.

सरावाकडं येतो. पाहुणे हैदराबादला उतरून लातूरमार्गे गाडीनं आले, येता येता डिकीत व्हायोलिनच्या राळेच्या वड्या मऊ होऊन कापडाला चिकटल्या, तिथनंच उन्हाची ओळख झाली. चेलो एकच आणला होता, कारण विमानात त्याला माणसासारखं वेगळं तिकीट काढावं लागतं. सराव एका शाळेच्या हॉलमध्ये, वर पत्रे. सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी ऊन कलल्यावर, मधला वेळ घरी. हॉलमध्ये दोन मोठे कूलर लावले आणि भांडण सुरू झालं, कारण कोरड्या हवेत चेलोचं लाकूड आकसतं, सांधे उकलायला बघतात, त्यांच्या शिक्षिकेला कूलरची दमट हवा पाहिजे, आणि त्याच दमट हवेत तबल्याची आणि हलगीची कातडी सैल पडते, आवाज बसतो. कूलर लावला की हलगीवाले बाहेर जाऊन कागद पेटवून हलगी शेकायला लागले. शेवटी बसायची जागाच बदलली. तंतुवाद्यं कूलरच्या बाजूला, चामड्याची वाद्यं दाराकडं, आणि रात्री चेलोच्या पेटीत साबणाच्या डबीला भोकं पाडून त्यात ओला पिळलेला स्पंज. साधा उपाय, पण दोन्हीकडची वाद्यं टिकली.

मग पट्टीचा प्रश्न. जर्मनीत बरेच वाद्यवृंद वाद्यं लावायचा मूळ सूर सेकंदाला ४४० कंपनांऐवजी ४४२-४४३ कंपनांचा, म्हणजे किंचित चढा, धरतात, आमची हार्मोनियम जिथं आहे तिथंच राहणार, तिचे सूर काही खुंटी पिळून बदलत नाहीत. त्यामुळं सगळ्यांनी हार्मोनियमला मिळवून घ्यायचं ठरलं, त्यात वाद झाला नाही. वाद झाला षड्ज, म्हणजे मूळ सा, कुठं धरायचा यावर. पहिले दोन दिवस पांढरी पाच, म्हणजे हार्मोनियमच्या सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी, सा म्हणून धरली, कारण व्हायोलिनच्या मोकळ्या तारांत त्या पट्टीचा सा आणि प दोन्ही आयते मिळतात, आमच्या गाणाऱ्या मुलींनाही ती सोयीची. पण बँडची पोरं गप्प झाली. ट्रम्पेट, क्लॅरोनेट, युफोनियमचा घरचा सूर काळी पाच, बोटं तिथंच बसलेली, आणि ही पोरं कानानं वाजवतात, कागदावरनं नाही, पट्टी सरकवली की त्यांचा सगळा हात नव्यानं बसवावा लागतो. त्यांच्यातला एक जण वाजवायचं नाटक करून नुसते गाल फुगवत होता, ते त्याच्या जर्मन जोडीदाराला दिसलं, ते आमच्या कुणाला दिसलं नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यांच्या शिक्षिका म्हणाल्या, आमची मुलं वाचतात ना, मग आम्हीच सरकतो. रात्री बसून सगळे कागद काळी पाचमध्ये छापून काढले. व्हायोलिनवाल्यांच्या सा-प च्या मोकळ्या तारा गेल्या, हात अवघड झाला, मुलींनाही वर थोडं ताणावं लागलं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी बँड वाजला आणि हॉलमधली हवाच पालटली. मला हा निर्णय या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात शहाणा वाटतो. ज्याला कागद वाचता येतो त्याला हलणं सोपं असतं, मग त्यानंच हलावं.

तालाची एक गोष्ट तर मी कधीच विसरणार नाही. आमच्या पोरांनी भूप रागातली एक छोटी रचना रूपक तालात बसवली होती. सात मात्रा, तीन-दोन-दोन. पाहुण्यांना सात मात्रा नवीन नव्हत्या, त्यांच्याकडंही तीन-दोन-दोन असं मोजतात, म्हणून त्यांना वाटलं हे सोपंच आहे. पण रूपकात समेवर, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, खाली असते, म्हणजे ती मात्रा दाबायची नाही, हात हवेत मोकळा सोडायचा, आणि त्यांचा हात सवयीनं पहिल्यावरच जोरात पडायचा. आमच्या पोरांना ते ऐकून ठेचच लागायची. समजावून उपयोग झाला नाही. मग हलगीवाल्या पोरानं त्याच्या पाहुण्याला वाद्य खाली ठेवायला लावलं आणि घरी रात्री अंगणात नुसतं ‘तिं तिं ना, धी ना, धी ना’ म्हणायला लावलं, पहिल्या तिं ला हात बाहेर फेकत. दोन रात्रींत त्याला ते लागलं आणि मग त्यानंच जर्मन भाषेत बाकीच्यांना शिकवलं. हे घरी एकत्र राहिल्यामुळं झालं. हॉलच्या सरावात एवढा वेळ कुणाला कुणासाठी नसतो.

उलट्या बाजूनं त्यांच्याकडचा लेंडलर, तीन मात्रांचा जुना गावाकडचा नाच, तो आमच्या पोरांनी दादरा तालाच्या अंगानं धरला आणि संबळ घातलं. सुंदर झालं होतं.

वेळापत्रकाचा मोठा घोळ मात्र लग्नसराईनं केला. एप्रिल म्हणजे बँडच्या कमाईचा महिना, दोन आठवडे सराव म्हणजे सुपाऱ्या सोडायच्या, आणि त्या पोरांच्या घरात तोच वर्षाचा आधार. समितीत काही जण म्हणाले एवढी संधी मिळतेय तर थोडा त्याग नको का करायला. त्याग नेहमी त्यांनीच का करायचा? आम्ही वर्गणीतून सोडलेल्या सुपारीचे पैसे पोरांना दिले, जेवढे लग्नात मिळाले असते तेवढेच, आणि जी सुपारी आधीच घेतलेली होती ती त्यांना वाजवू दिली, त्या दिवशी सराव नाही. सांस्कृतिक कार्यक्रमाच्या खर्चात हार-तुरे, बॅनर, स्मृतिचिन्हं सगळं धरतात, वाजवणाऱ्याची बुडालेली मजुरी धरत नाहीत. ती धरायलाच पाहिजे.

१४ एप्रिलच्या जयंतीची मिरवणूक बँडनं आधीच घेतलेली होती. ट्रम्पेटवाले दोघं पाहुणे म्हणाले आम्हीपण येतो. गर्दीची भीती सगळ्यांना होती, पण बँडमास्तरांनी अटी घातल्या: बँडचाच गणवेश घालायचा, रांगेच्या मधोमध चालायचं, दर चौकात पाणी प्यायचं, दहाच्या आत घरी. त्यांच्या शिक्षकांनी आणि तिकडच्या पालकांनी होकार दिल्यावरच सोडलं. आदल्या दिवशी मास्तरांनी त्या दोघांना बसवून बाबासाहेब कोण, हा दिवस काय, सगळं आपल्या मराठीत सांगितलं आणि कॉलेजच्या एका पोरीनं भाषांतर केलं. मिरवणुकीत वाजवून दोघांचे ओठ सुजले, पण दुसऱ्या दिवशी सरावाला ते बँडच्या रांगेतच जाऊन बसले, आपल्या जुन्या जागेवर गेले नाहीत.

एक दिवस फिरण्याचा ठेवला. योगेश्वरीचं दर्शन, मुकुंदराजांची समाधी, दासोपंतांची पासोडी, म्हणजे कापडावर लिहिलेला तो लांबलचक ग्रंथ, तो बघून त्यांच्यातली एक मुलगी खूप वेळ तिथनं हललीच नाही. तिथं कुणीतरी बोललं की आपल्याकडं वाद्यवृंद ही कल्पनाच नाही, ती यांची. हे मला खोडून काढावंसं वाटलं आणि काढलं. ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ तेराव्या शतकात देवगिरीला लिहिला गेला, यादव राजा सिंघणाच्या काळात, म्हणजे आपल्याच मराठवाड्यात, आणि त्यात शारंगदेवानं वृंदाचं वर्णन केलंय, उत्तम, मध्यम, कनिष्ठ असे प्रकार पाडून. आणि शारंगदेवाचे आजोबा काश्मीरातनं दक्षिणेत आलेले. पाहुणा येऊन इथला होणं हेही आपल्याला नवीन नाही.

शेवटचा कार्यक्रम संध्याकाळी उघड्यावर झाला, गोंधळाची चाल, लेंडलर आणि रूपकातली भूपाची रचना. त्याचं कौतुक पेपरमध्ये आलं, त्यावर मी जास्त लिहीत नाही. मला हिशोब दुसरा मांडायचाय. वस्तीतल्या घरी सगळ्या वाद्यवृंदाचं जेवण झालं, मावशींनी येसर आमटी, भाकरी, कारळाची चटणी केली होती. क्लासच्या पोरांपैकी बहुतेक आली, पोटभर जेवली. दोन घरांनी लेकरं पाठवली नाहीत, कारण विचारलं तर पोटदुखी सांगितली, दोन्ही घरांनी एकच. त्यातली एक मुलगी नंतर स्वतःच मावशींच्या घरी जाऊन चहा पिऊन आली, घरी न सांगता. तिच्या घरचे अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. चालेल.

आता पुढच्या वर्षीची तयारी चाललीय आणि तोच पेच परत उभा आहे, फक्त कागदाच्या रूपात. जर्मनीला जायचं तर पासपोर्ट, त्यासाठी जन्माचा दाखला किंवा जन्मतारखेचा दुसरा पुरावा, आणि शाळेच्या दाखल्यातलं आणि आधारमधलं नाव एकसारखं पाहिजे. व्हिसाला बँकेचं खातं आणि त्यात पैसे दिसायला पाहिजेत. बंगल्यातल्या लेकरांचं हे सगळं तयार आहे, बँड आणि हलगीवाल्यांपैकी एकाचंच आहे. समितीत लगेच सूर निघाला, ज्यांचे कागद तयार त्यांना पाठवू, वेळ कमी आहे. जर्मनीत अशी सोय आहे की तिकडच्या यजमानानं तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन खर्चाची हमी लिहून द्यायची, ती असली की पैशाचा प्रश्न बराच सुटतो. तालवाद्यवाल्या पोराच्या आईनं आमच्या हलगीवाल्यासाठी ती देते म्हणून स्वतःहून कळवलंय, ट्रम्पेटवाल्यांच्या घरांशी बोलणं चालू आहे. नावं मात्र आम्ही कागद बघून ठरवलेली नाहीत. जोडीचाच नियम, ज्याच्या घरी पाहुणा राहिला त्यानंच तिकडं जायचं. जन्माचे दाखले काढायला ताईंनी नगरपरिषदेत खेपा सुरू केल्यात, दोन पोरांच्या नावातल्या चुका दुरुस्त झाल्या, एकाची राहिलीय, त्याच्यासाठी सोमवारी परत जायचंय.